सिंगापुरात रीसेल फ्लॅट घेताय? आधी कोटा बघा

फ्लॅट आवडला, छान! पण मालकाच्या हातात पैसे ठेवण्याआधी एचडीबीच्या (हे फ्लॅट बांधणाऱ्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) संकेतस्थळावर त्या ब्लॉकचा, म्हणजे इमारतीचा, वांशिक कोटा तपासा: कोणत्या वंशाच्या लोकांकडे जास्तीत जास्त किती टक्के घरं असू शकतात, याची ही मर्यादा. हा नियम १९८९पासून आहे. आपण ‘भारतीय व इतर’ गटात. मर्यादा वसाहतीत १२ टक्के, ब्लॉकमध्ये १५. ती भरली असेल तर चिनी किंवा मलय मालकाचा फ्लॅट तुम्हाला मिळणार नाही. भारतीय मालकाचा मिळू शकतो, कारण प्रमाण बदलत नाही.

नवखे इथे अडकतात:
- पीआरचा, म्हणजे नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांचा, कोटा वेगळा असतो (वसाहतीत ५, ब्लॉकमध्ये ८ टक्के). तुम्ही पीआर असाल, तर विकणारा भारतीय वंशाचा सिंगापूरचा नागरिक असेल, तरीही गाडी इथे अडू शकते.
- आकडे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. मागच्या महिन्याचं उत्तर धरून बसू नका.

आणि स्वस्ताईला भुलू नका. चिनी कोटा भरलेल्या ब्लॉकमध्ये भारतीय मालक बऱ्याचदा कमी भावात विकतो, कारण चिनी ग्राहक, म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा वर्ग, त्याला बाद झालेला असतो. उद्या विकताना तीच वेळ तुमच्यावर! अशा काही मालकांचे फ्लॅट २०२२पासून एचडीबी स्वतः घेते, पण त्या भरवशावर खरेदी करू नये.

मिश्र विवाहाचं गणित नंतर पाहू. आज फक्त पत्ता टाकून बघा.