२०१२ ची डिझेल डिझायर आहे, पंधरा वर्षं व्हायच्या आत विकू की ठेवू?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात: २०१२ ची डिझेल डिझायर, पुणे पासिंग, पहिलेच मालक, रनिंग १ लाख ६० हजार. ऑफिस घरापासून सहा किलोमीटर, महिन्यातून एकदोनदा सांगलीला गावी. गॅरेजवाल्याने क्लच आणि चार नोजलचे (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) मिळून ४५ हजार सांगितलेत, दलाल आहे त्या अवस्थेत दीड लाख देतोय, आणि घरचे म्हणतात आता काढून टाका.

माझ्या मते तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत. एक तर या गाडीवर एक रुपयाही न घालता ती आत्ता विका. नाहीतर खर्च करा, २०२७ मध्ये आरसी पाच वर्षांनी वाढवा आणि मग २०३२ पर्यंत विकायचं नाव काढू नका. पैसे बुडतात ते या दोन्हींच्या मध्ये लटकणाऱ्यांचे. आज ४५ हजार घालायचे, आणि वर्षभराने "आरसी संपत आली" म्हणून घाईघाईत गाडी विकायची. दलाल नव्या क्लचचे पैसे देत नाही. तो साल बघतो, ओनर कितवा ते बघतो आणि आरसी कधीपर्यंत आहे ते बघतो. आज दीड म्हणणारा माणूस आरसीचे चार महिने उरल्यावर लाखाच्या आत येईल, वर उपकार केल्यासारखा चेहरा करेल.

आता पंधरा वर्षांची भीती. दिल्लीच्या बातम्या वाचून महाराष्ट्रातल्या लोकांनी चांगल्या गाड्या मातीमोल विकल्या आहेत. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला, २०२५ मध्ये त्यात पुन्हा फेरफार झाले. पण हे सगळं दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या एनसीआर पट्ट्यापुरतं. माझा मावसभाऊ नोएडात असतो, त्याला यापायी गाडी विकावीच लागली. तुम्ही पुण्यात आहात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि गाडी धड असेल तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आरसी संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची. चारचाकीची फी २०२२ पासून ५ हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. उशीर केलात तर महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो. चलन थकलेली असतील तर आधी भरून टाका, विमा आणि पीयूसी चालू ठेवा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही बसवून घ्या. कटकट आहे, पण एक-दोन दिवसांची.

तेव्हा प्रश्न कायद्याचा उरत नाही, गाडीत दम किती आहे याचा उरतो. आणि इथे बहुतेक लोक चुकीच्या जागी बघतात, म्हणजे इंजिनाकडे.

तुमच्या गाडीत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन आहे. तेच इंजिन स्विफ्टमध्ये, रिट्झमध्ये, इंडिका व्हिस्टात, मांझात, पुंटोत, लिनियात होतं, आणि आपल्या रांजणगावातही ते बनायचं. त्यामुळे पार्ट कुठेही मिळतो आणि हे इंजिन उघडलेला मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. त्यात टायमिंग चेन आहे, ठरावीक रनिंगनंतर बदलावा लागणारा बेल्ट नाही. ऑइल वेळेवर बदललं असेल तर १ लाख ६० हजार हे या इंजिनाचं म्हातारपण नव्हे. माझ्याकडे याच इंजिनाची रिट्झ आहे, तिचं रनिंग तुमच्यापेक्षा जास्त झालंय आणि इंजिनाचं हेड (वरचा भाग) अजून उघडलेलं नाही.

पण "चारही नोजल गेले" हे मी असंच मान्य करणार नाही. फक्त पंप-नोजलचं काम करणाऱ्याकडे गाडी न्या आणि रिटर्न टेस्ट करायला सांगा, म्हणजे प्रत्येक नोजलमधून न फवारता परत जाणारं डिझेल मोजायचं. तो चारही नोजलच्या रिटर्न पाइपला पारदर्शक नळ्या लावून चार छोट्या बाटल्यांत सोडतो आणि इंजिन चालू ठेवतो. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढलं तर ठीक. एकच बाटली भराभर भरली आणि बाकीच्या तळाशी राहिल्या, तर बिघाड त्या एका नोजलचा. ही टेस्ट तुमच्या डोळ्यांदेखत होते. बिल निम्म्यावर आलेलं मी पाहिलंय. तिथेच इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. थोडी वाफ चालेल. पण भकाभक धूर येत असेल आणि सायलेन्सरमधूनही निळसर धूर निघत असेल, तर इंजिन आतून झिजलंय, मग माझा सल्ला उलटा होतो: विका.

क्लचचं मात्र गॅरेजवाला खरं बोलत असणार. पुढच्या वेळी सांगलीला जाताना खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम वर पळाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली.

आता पत्रा. जुनी गाडी मरते ती पत्र्याने. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली बॉडी होत नाही, झाकली जाते. गाडी रॅम्पवर चढवा. दारांखालचा लांब पत्रा, मागच्या चाकांच्या वरच्या कमानी, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा, आणि डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा खळगा, एवढं बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद आवाज आला किंवा रंगाखालून पापुद्रा सुटला, तर आत गंज आहे, आणि अशा गाडीत ४५ काय, १५ हजारही घालू नका. कोकणात राहिलेल्या गाड्यांचा हा हमखास आजार. पुणे-सांगली करणारी गाडी बहुधा वाचलेली असते.

हिशेब फार मोठा नाही. तुमचं वर्षाचं रनिंग १० हजार धरू. १८ च्या ॲव्हरेजने डिझेल साधारण ५५५ लिटर, ९० रुपयांच्या भावाने ५० हजार. तेवढंच अंतर पेट्रोल गाडीने १४ च्या ॲव्हरेजने केलं तर ७१४ लिटर, १०४ च्या भावाने ७४ हजार. म्हणजे पेट्रोलवर गेल्याने इंधनाचं बिल वाढणार आहे. तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा दोन्ही इंधनांत लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता, आता तो निम्म्यावर आलाय, म्हणून आज कुणी नवीन डिझेल घेऊ म्हणालं तर मी नको म्हणेन. पण तुमच्याकडची गाडी विकत घेऊन झालेली आहे. नऊ लाखांची नवीन गाडी शोरूमबाहेर पडल्यावर पहिल्या वर्षभरात जेवढी उतरते, त्यात तुमचे ४५ हजार, आरसीची फी, टायर, बॅटरी सगळं बसून वर पैसे उरतात. जुनी पेट्रोल घ्यायचा विचार असेल तर एवढंच सांगतो, २०२३ च्या आधीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या वीस टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत, आणि पंपावर आता तेच मिळतं.

या सगळ्यात तुमचं सहा किलोमीटरचं ऑफिस मला खटकतं. डिझेल इंजिन तेवढ्यात धड तापतही नाही, काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) बसत जाते, मग गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिथे हे दुखणं आणखी महाग पडतं. तुमच्यात तो नाही, हे तुमचं नशीब. शक्य असेल तर ऑफिसला दुचाकीने जा आणि गाडी सांगलीसाठी ठेवा. हायवेला दोन-अडीच तास एका लयीत पळाली की इंजिन नीट तापतं आणि काजळी कमी बसते.

तर पत्रा शाबूत आणि ऑइलच्या झाकणातून धूर नाही, असं असेल तर ठेवा. क्लच करा, खराब असेल तेवढाच नोजल करा आणि २०२७ मध्ये आरसी वाढवून घ्या. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर दीड लाख घ्या, फार घासाघीस करू नका.

विकलीत तर एका गोष्टीत मुळीच ढिलाई नको. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या कोऱ्या सह्या करून दलालाच्या हातात देऊ नका. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच म्हटलंय. ट्रान्सफर झाल्याचं परिवहनच्या साइटवर स्वतः बघेपर्यंत वीस-पंचवीस हजार अडकवून ठेवा. घेणारा कुरकुर करेल, करू द्या. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर गाडी त्याची आणि टोल तुमच्या खात्यातून.