वाकड्या गाजराची पिशवी लावावी काय?

या खेपेला भाजीच्या पिशवीचीच तीन पत्रं आली, त्यामुळं बाकीचे सवाल पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका.

सवाल: ताई, आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो, घरात चार माणसं, मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला. सध्या व्हॉट्सअपवर एक जाहिरात फिरायलीय, बाजारात न खपलेली, वाकडी-तिकडी, बारकी भाजी दर आठवड्याला घरपोच, ५ किलोची पिशवी २०० रुपये, महिन्याचे पैसे आधी. माझी जाऊ अमेरिकेत असते, ती म्हणाली आम्ही तिकडं असलीच पेटी घेतो, स्वस्त पडते आणि अन्नही वाया जात नाही. सासूबाई म्हणतात पैसे मोजून कचरा कशाला घरात आणायचा. लावू की नको? (टिळकवाडीची एक सून)

जवाब: सासूबाईंना आधी नमस्कार सांगा आणि मग सांगा की कचरा म्हणू नका. दोन तंगड्यांचं गाजर म्हणजे काय कचरा नव्हे, वाढताना खाली दगड लागला किंवा वाफ्यात कच्चं शेणखत पडलं की गाजर फाटतं, खायला तेच असतं. टोमॅटोला चीर पडते ती बरेच दिवस पाण्याचा ताण बसून एकदम पाऊस आला की, आतला गर फुगतो आणि साल पुरत नाही. काकडी वाकडी होते ती बऱ्याचदा फुलावर मधमाशी नीट फिरली नाही म्हणून. वाकडं ते वाकडं आणि शिळं ते शिळं. पिशवीवाले काहीजण नेमका हाच फरक पुसतात, "वाचवलेली भाजी" असं गोड नाव द्यायचं आणि दोन्ही एकाच पिशवीत घालायचं, त्याचा अनुभव मला आलाय, तो पुढं सांगते.

जावेचं तिच्या जागी बरोबर आहे. तिकडं भाजी सुपरमार्केटात विकायची असते आणि सुपरमार्केटला सगळं एका मापाचं, एका रंगाचं लागतं, त्यात न बसणारा माल शेतातच राहतो नाहीतर ज्यूस, सॉसला जातो. त्या मालावरच हा धंदा उभा राहिला, सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ ला इम्परफेक्ट प्रोड्यूस, मग २०१८ ला फिलाडेल्फियात मिस्फिट्स मार्केट, आणि २०२२ मध्ये दुसऱ्यानं पहिल्याला विकतच घेतलं. युरोपात तर नियमच होता की वरच्या प्रतीची काकडी १० सेंटिमीटर लांबीला १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेली चालणार नाही, काकडीसकट २६ भाज्या-फळांचे असले नियम त्यांनी २००९ च्या जुलैपासून काढून टाकले.

आता आपल्या गणपत गल्लीच्या बाजारात पट्टी घेऊन काकडी कोण मोजतंय सांगा.

आपल्याकडं सकाळी मार्केट यार्डात सवाल, म्हणजे लिलाव होतो, चांगला निवडलेला माल चोर्ला घाटातनं गोव्याला नाहीतर आणखी लांब जातो, मधला गल्लीबोळात गाड्यावर येतो, आणि त्यातनं उरलेला संध्याकाळी पोत्यावर वाटा लावून बसतो, "घ्या की ओ अक्का, वीसला वाटा, जाताना तेवढं संपवून जाते." फुटका टोमॅटो खानावळवाला घेतो, गोट्यांएवढा बटाटा वडेवाला घेतो, कोबीचा पाला म्हशीला जातो. म्हणजे वाकड्या भाजीला इथं गिऱ्हाईक पहिल्यापासून आहेच, तिला वाचवायला कुणी यायची वाट ती बघत नाही. आपल्याकडं माल खरोखर वाया जातो तो भाव पडला की, सगळ्यांचा कोबी एकदम आला, काढणीची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा सुटेना, मग माणूस उभ्या पिकात रोटर घालतो. तो कोबी दिसायला एकदम सरळ, गोल, छान असतो बरं का. त्यामुळं पिशवीवाल्याला पहिलं हेच विचारा, की बाबा तू माल कुठनं उचलतोस? भाव पडलेल्या शेतातनं उचलत असेल तर त्यात काहीतरी अर्थ आहे. संध्याकाळच्या पोत्यावरनंच उचलत असेल तर तो तुम्हाला त्या बाईचाच वीसचा वाटा घरपोच देतोय, भाडं लावून.

आता माझं. गेल्या दिवाळीनंतर मी दोन महिने असली एक पिशवी लावली होती, नाव सांगत नाही, पोरगा चांगला होता, धंदा नवीन होता. आठ पिशव्या, १६०० रुपये. आमच्यात पेपर लावतात, दूध लावतात, डबा लावतात तशी मी भाजी लावली, आणि लावलेल्या गोष्टीची गंमत अशी की ती तुम्हाला हवी असो-नसो, दारात येतेच. पहिल्या पिशवीत लिंबाएवढे बटाटे दीड किलो, कोबी, गाजरं, ढबू मिरची चार आणि बीट. एक गाजर तर असलं होतं की आमच्या नातवानं त्याला पायजमा म्हणून नाव ठेवलं आणि दोन दिवस कुणाला चिरू दिलं नाही. बटाटे सोलायला मला पाऊण तास गेला, दुसऱ्या आठवड्यात शहाणी झाले, सालीसकट उकडले, तळहातानं दाबून चपटे केले आणि खरड्यात परतले, तेवढं एक घरात अजून मागतात.

पण बीट! दुसऱ्या पिशवीत बीट, तिसऱ्यातही बीट. कोशिंबीर झाली, कटलेट झाले, थालीपिठात घातलं, शेवटी मिस्टर ताटाकडं बघून म्हणाले, "काय गे, सगळ्यांचं रक्त वाढवायची योजना काढलीस काय?" चौथ्या आठवड्याचं बीट मी शेजारच्या काकूंच्या दारात ठेवून बेल न वाजवता परत आले. (काकू वाचत असतील तर, होय, ती मीच.)

पाचव्या पिशवीत कोथमिरीची पेंडी आली, वरनं हिरवीगार, दोरा सोडला तर आत काळी चिकट, हाताला वास बसला. फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मॅडम, नैसर्गिक आहे, थोडं इकडं-तिकडं चालतंय." हे मात्र मला चाललं नाही. वाकडेपणाचे पैसे मी कमी देतेय, शिळेपणाला मी कधी हो म्हटलं होतं? असलं झालं की त्याच दिवशी फोटो टाकून तेवढे पैसे पुढच्या पिशवीत वळते करून घ्यायचे, संकोच करायचा नाही.

मी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, जुनी खोड. तीच भाजी मी शनिवारच्या बाजारात घेतली असती तर १८५० च्या आसपास गेले असते, म्हणजे २५० वाचले म्हणायचे, पण ४० किलोतली साधारण ६ किलो आमच्याच घरात टाकली गेली, काही कोथमिरीसारखी आलेलीच खराब आणि बरीचशी आम्ही वेळेत न खाल्लेली, तिची किंमत पकडली तर २८०. म्हणजे ३० रुपये अंगावर. आणि वाया जाऊ नये म्हणून आणलेली भाजी माझ्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वाया गेली, त्याचं जास्त लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरांतनं टाकलं गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतलं. म्हणजे दुकानदाराला आणि हॉटेलवाल्याला नावं ठेवायच्या आधी आपला खालचा कप्पा उघडून बघायला पाहिजे.

तर तुम्हाला काय सांगू. दोघं नोकरीला, चार माणसं, तर आठवड्याला ५ किलो त्याच्या मनाची भाजी तुम्हाला जड जाणार असं मला वाटतं. लावायचीच असेल तर पंधरा दिवसाला एक लावा, आणि ती शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी येऊ दे, म्हणजे सुट्टीत निवडून, चिरून, उकडून ठेवता येते, बुधवारी आलेली पिशवी तुमच्यासारख्यांच्या घरात रविवारपर्यंत तशीच बसते. आली की पहिलं सगळं ताटात ओतायचं, लागलेलं-डागाळलेलं त्याच दिवशी आमटीत, धड असलेलं मागं. पालेभाजी टोमॅटो-केळ्याजवळ ठेवू नका, लवकर पिवळी पडते. बटाटे अंधारात, कांद्यापासून लांब. नको असलेल्या दोन भाज्या आधी कळवून बदलता येतात काय ते विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं म्हणून बीट खाल्लं. आणि ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापायची परवानगी, लावायला सांगितलं तर घाबरू नका पण डोळे उघडे ठेवा, पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे असा नियम आहे आणि ती परवानगी तुमच्या यूपीआय ॲपमधनंच रद्दही करता येतं, त्याला फोन करून विनवण्या करायची गरज नाही.

आणि सासूबाईंना त्या दिवशी निवडायला सोबत बसवा. आमच्या सासूबाई असत्या तर त्या बारक्या बटाट्यांचे सुद्धा तीन प्रकार करून दाखवल्या असत्या, आणि पिशवीवाल्याला दारात उभा करून दोन रुपये कमी केल्या असत्या ते वेगळंच.

सवाल: आमची कडोलीकडं शेती आहे. बटाटा, कोबी, थोडं गाजर करतो. असल्याच एका पिशवीवाल्यांचा फोन आला होता, म्हणतात तुमचा बारका, वाकडा माल आम्हाला द्या, यार्डापेक्षा चांगला दर देऊ. द्यावा काय? (कडोली भागातला एक शेतकरी)

जवाब: भाऊ, द्या, पण हिशेब करून द्या. यार्डात गेलं की अडत, हमाली, पोत्याचे पैसे, गाडीभाडं हे सगळं कापून हातात काय पडतं ते आधी लिहा, आणि त्याच्याशी त्यांचा बांधावरचा दर लावून बघा, किलोमागचा नुसता आकडा बघून भुलू नका. माल निवडणार कोण हेही आधी ठरवा, कारण बारकं-मोठं वेगळं करायला बाया लावल्या तर त्यांची मजुरी तुमच्याच खिशातनं जाणार आणि मग वरचा दर तिथंच संपला. रोख आणि त्याच दिवशी. "महिन्याअखेरीला एकदम देतो" म्हणाले की सरळ नमस्कार करा.

एक गोष्ट मला खटकते ती सांगूनच टाकते. पिशवीवाले गिऱ्हाइकाला सांगतात की आम्ही शेतकऱ्याला वाचवतो. पण ते आठवड्याला चार पोती नेणार आणि तुमचा भाव पडतो तेव्हा शेतात असतात दोनशे पोती. तेव्हा त्यांना विचारा, कोबी पडला की किती उचलाल, आणि तो आकडा कागदावर घ्या, व्हॉट्सअपवर घेतला तरी चालेल. नेहमीचा अडत्या मात्र तोडू नका, चार पोत्यांसाठी दोनशे पोत्यांचा माणूस दुखवण्यात शहाणपण नाही. गाजरं फारच फाटायलीत असं असेल तर पिशवीवाला शोधायच्या आधी शेणखत नीट कुजलंय काय तेवढं बघा.

सवाल: असल्या पिशवीत आलेला दुधी कडू निघाला. वाया जाऊ नये म्हणून गूळ घालून खपवू काय? बटाटेही थोडे हिरवे आहेत. (निपाणी)

जवाब: अजिबात नको. कडू दुधी म्हणजे त्यात विषारी द्रव्य जास्त झालेलं असतं, शिजवूनही ते जात नाही, गुळानं फक्त चव झाकते, माणसं त्यानं दवाखान्यात गेलीत. चिरायच्या आधी दुधीचा एक बारका तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला की थुंकायचा आणि अख्खा दुधी टाकायचा, रस काढून प्यायचं तर नावच नको. कुणी चुकून खाल्ला असेल आणि उलट्या, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. बटाट्याला हिरवा डाग थोडा असेल तर तो आणि कोंब खोल कापून काढा, बराचसा हिरवा झाला असेल किंवा कडू लागला तर तोही टाका. आणि दुधी म्हशीला घालू काय म्हणून पुढचं पत्र पाठवू नका, म्हशीलाही घालू नका.