खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी नायट्रेट फिल्टर बनवतोयस? थेंबांवर लक्ष ठेव

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून टाकीत साठणारं नायट्रेट काढायला पीव्हीसी पाइपात लांब, बारीक नळी गुंडाळून बसवायची आणि तिच्यातून टाकीचं पाणी सोडायचं, ही कल्पना उत्तम आहे, पण सगळा खेळ पाण्याच्या वेगाचा. नळीच्या सुरुवातीचे जिवाणू ऑक्सिजन संपवतात, तेव्हाच पुढचे जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात. म्हणून आधी थेंब थेंबच पडू दे. पहिले काही आठवडे नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्राइट, म्हणजे अर्धवट फुटलेलं नायट्रेट, दिसेल; ते माशांना विषारी असतं. घाबरून नळी उघडू नकोस. ते पाणी बादलीत घे आणि टाकीत तेवढंच ताजं खारं पाणी भर. नायट्राइट शून्यावर आलं की वेग जरासा वाढव. सडक्या अंड्याचा वास आला, तर प्रवाह फारच मंद झालाय, लगेच वाढव. झडप मात्र चांगलीच घे, थेंबांचा वेग तीच सांभाळते. आणि माशांना खाणं जास्त पडत असेल, तर आधी ते कमी कर.