अमेरिकन फुटबॉलमध्ये फक्त पंट मारून करिअर होतं का?

होतं की! रे गाय या खेळाडूचंच बघा. तीन प्रयत्नांत संघ पुरेसा पुढे सरकला नाही, की चेंडू हातातून सोडून लाथेने लांब भिरकवायचा, एवढंच पंटरचं काम. तरी १९७३ मध्ये ओकलंड रेडर्स संघाने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत घेतलं. १४ हंगाम, २०७ सामने, ३ सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजय. एका पंटची सरासरी ४२.४ यार्ड, पण खरी करामत उंचीची. चेंडू खाली येईपर्यंत त्याचे सहकारी झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पोचलेले असत. १९७६ च्या प्रो बोलमध्ये (निवडक स्टार खेळाडूंचा सामना) तर त्याने सुपरडोम या बंदिस्त स्टेडियमच्या छताला टांगलेल्या स्क्रीनलाच चेंडू मारला! दिग्गज खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमला मात्र त्याची आठवण २०१४ मध्ये झाली. पंटरला कोण विचारतो!