गप्पा चालू राहतील तेवढाच वेग

पोरी,

डिसेंबरात मैत्रिणीबरोबर खाली गोव्याला जायचं, शनिवारी समुद्र, रविवारी पहाटे पहिली हाफ मॅरेथॉन आणि सोमवारी बेळगावला परत, हा तुमचा बेत झकास आहे. आत्ता गणपती बसलेत, म्हणजे हातात बारा आठवडे आहेत. तू न थांबता सहा-सात किलोमीटर पळतेस, तेव्हा वेळ पुरेसा आहे. वाया घालवण्याइतका मात्र नाही.

आधी वेगाचं बोलू. तुझे ५ किलोमीटर ३२ मिनिटांत होतात, म्हणजे किलोमीटरला साधारण ६:२५. नीट सराव झाला तर त्या हिशेबाने हाफ मॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर तू बेळगावच्या थंडीत दोन तास सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांत करशील. गोव्यात हा आकडा विसर. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. डिसेंबरच्या पहाटे इथे १४-१५ अंश असतात, आलेला घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. घाटाखाली त्याच वेळी पारा विशीच्या पुढे असतो आणि हवेत आधीच इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता गळतो. गळून गेलेला घाम काही कामाचा नाही. मग अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. तुला वाटेल सराव कमी पडला. तसं नसतं, हवाच वेगळी असते. म्हणून दोन तास चाळीस मिनिटं धर, म्हणजे किलोमीटरला ७:३५. त्यातले पहिले पाच किलोमीटर ७:५० नेच.

आणि हे मोजायचं गप्पांनी, घड्याळ नंतर. एकटीने पळणारीला स्वतःचा श्वास कळत नाही, दोघींना लगेच कळतो. "काल आमटीत मीठ जास्त पडलं आणि आईने ते माझ्यावर ढकललं" एवढं वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. "आमटीत" म्हणून श्वास, "मीठ" म्हणून श्वास, असं व्हायला लागलं की दोघींनी वेग कमी करायचा, घड्याळ काहीही सांगो. सोळा किलोमीटरनंतर बोलणं आपोआप बंद होईल, ते चालेल. तिसऱ्या किलोमीटरला बंद झालं तर चालणार नाही.

जोडीने पळताना आणखी एक खोड लागते. दोघींतली जरा वेगवान असते ती नकळत अर्धं पाऊल पुढे राहते. मागची ते अर्धं पाऊल भरून काढते, पुढची पुन्हा अर्धं पुढे. कुणी काही बोलत नाही, आणि दोन किलोमीटरांत वेग वीस सेकंदांनी चढलेला असतो. उपाय साधा: हळू असेल तिने अर्धं पाऊल पुढे राहायचं आणि वेग तिनेच ठरवायचा. हे आजपासूनच्या प्रत्येक रविवारी करा. आणि आत्ताच ठरवून टाका की सोळापर्यंत एकत्र, पुढचे पाच जिला जसं जमेल तसं. कुणाचा पाय मुरगळला तर दुसरीने थांबायचं की स्वयंसेवकाच्या हवाली करून पुढे जायचं, हेही आधीच बोलून घ्या. अठराव्या किलोमीटरला दमलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय पुढे वर्षभर मैत्रीत टोचतो.

सरावाचा कणा म्हणजे रविवार. किलोमीटर असे: ८, १०, ११, मग उतरून ८, १२, १४, १५, मग १०, पुढे १६, १८, १२ आणि बाराव्या रविवारी शर्यत. चौथ्या आणि आठव्या आठवड्यातली उतरण आळशीपणाची नाही. दम तीन आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि शिरा मागे राहतात, त्यांना तेवढी उसंत लागते. आधी पूर्ण २१ पळून बघायची हौस करू नका. आठवड्यात आणखी तीन दिवस पाच-सहा किलोमीटर, त्यातला एकच दिवस चढाचा. दोन दिवस पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधराचे तीन फेर, आणि खुर्चीवरून एका पायावर उठणं, दहाचे दोन फेर. कंटाळवाणं आहे, पण पोटऱ्या आणि गुडघे यावरच टिकतात.

कॅम्पातले झाडांखालचे रस्ते लांब पळायला सगळ्यात चांगले. चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड आहेच; मात्र वर पळत जा आणि खाली चालत या. उतारावर ब्रेक लावत पळालं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, आणि ती आली की दोन-तीन आठवडे घेऊन जाते. महामार्गावर अजिबात नको. पहाटे रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरची गाडी दिसेल असं पळा. कुत्री अंगावर आली तर पळू नका, चाला. ऑक्टोबरच्या अखेरीपासून उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि बाजूला हातभर बाहेर आलेला ऊस. अशा गाडीला रस्ता सोडून कच्च्यात उतरायचं, वाद घालायचा नाही.

नवरात्रात तुम्ही दोघी दुर्गामाता दौडीला जाणारच. जा की. पण ते अंतर हिशेबात धरा आणि त्या दिवशी वेगळं पळू नका. सवय नसताना डांबरावर नऊ दिवस अनवाणी पळालं तर टाचेखालची शीर धरते. उपवास असेल तर लांब पल्ला उपवास सुटल्यावरच्या रविवारी ढकला. साबुदाण्याच्या खिचडीवर १२-१४ किलोमीटर ओढायचे नाहीत.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं. शर्यतीचा जोड कमीत कमी पन्नास-साठ किलोमीटर वापरलेला असावा, गोव्यात नवा काढायचा नाही. पावसात भिजले तर आतला तळवा काढून "तरुण भारत"चे जुने अंक कोंबून ठेवायचे, दोन तासांनी बदलायचे. गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवले की चिकटवलेला सोल सुटतो. मोजे निव्वळ सुती नकोत, ओल धरतात आणि फोड आणतात. व्हॅसलीन टाचा, मांड्यांची आतली बाजू, काख आणि स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीची रेघ इथे लाव. ती रेघ बेळगावात कधी सोलत नाही. दमट हवेत हमखास सोलते, आणि ते आंघोळीचं पाणी अंगावर पडेपर्यंत कळत नाही.

पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर काढ. एक तास पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन कर; मधे काही प्यायली नसशील तर जितका किलो फरक तितका लिटर घाम. त्यातला निम्मा-पाऊण भाग प्यायला तरी पुरे. शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर घटाघटा पाणी पिणाऱ्यांच्या रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग पाणी कमी पडलं असं समजून ते आणखी पितात. साधारण वीस मिनिटांनी तहानेप्रमाणे सहा-आठ घोट, आणि एक तासानंतर त्यात ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. खायला आठव्या आणि चौदाव्या किलोमीटरला एकेक जेल, म्हणजे पुडीतला घट्ट गोड पाक, नाहीतर बी काढलेले तीन-चार खजूर. गोकाकचा करदंट बरोबर घ्यायचा विचार चांगला आहे, पण डिंक, सुका मेवा, गूळ हे पळताना पोटात दगडासारखं बसतं. तो शर्यत झाल्यावर. शर्यतीला जे खाल ते आधी निदान तीन रविवार खाऊन पाहिलेलं असावं.

शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा पाच किलोमीटर सकाळी साडेनऊला पळा. उकाडा अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. गोव्याची हवा बेळगावात मिळत नाही, पण काही प्रमाणात तरी अंग तयार होतं.

आता तो शनिवार. शर्यत पायांनी बिघडत नाही इतकी शनिवाराने बिघडते. शुक्रवारी संध्याकाळीच निघालात तर उत्तम, नाहीतर शनिवारी सकाळी, झोप पुरी करून. जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने साधारण तीन तास. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळ, थांबून घ्या, कारण पुढे घाटाची वळणं पोट ढवळतात. आलेपाक जवळ ठेव. पोचल्यावर आधी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्या. बिबच्या मागे वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते, ती घडी घालायची नाही, पिनेने टोचायची नाही. मागच्या कोऱ्या जागेत घरचा नंबर आणि रक्तगट लिहा.

मग समुद्र बघा, पण सावलीतून. मऊ वाळूत तासभर चाललं की पोटऱ्या इतक्या भरतात की पहाटे जिना उतरताना कळतं. भर दुपारी पोहणं, बिअर, नवीन ठिकाणची झणझणीत शाकुती, हे सगळं रविवारी दुपारी करा, कुणी अडवणार नाही. रात्री साडेसातला भात, वरण, एखादी साधी भाजी. झोप लागली नाही तरी घाबरू नका, कामाची झोप शुक्रवारची असते.

खोली सुरुवातीच्या रेषेपासून चालत जाता येईल अशी घ्या, थोडी महाग पडली तरी. गोव्यात पहाटे चार वाजता टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. भाड्याची स्कूटर घेतलीत तरी शर्यतीचे रस्ते बंद असतात, म्हणून ती कुठे लावायची ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. सुरुवातीच्या दोन तास आधी केळं आणि जॅम लावलेले दोन ब्रेड. चहाची सवय असेल तर चहाही. संडासाची रांग अर्ध्या तासाची असते, त्या हिशेबाने पोचा. पाळीची तारीख त्याच दिवशी येत असेल तर त्यासाठी गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलायच्या फंदात पडू नकोस. पॅड बदलून निघायचं, कडेला व्हॅसलीन जरा जास्त. पळण्याआधी अंगदुखीची गोळी मात्र दोघींपैकी कुणीही घ्यायची नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला बाधते.

पाण्याच्या पहिल्या टेबलाशी गर्दी होते. तुम्ही शेवटच्या टेबलापर्यंत जा, पेला वरून चिमटा, म्हणजे घोट नीट घेता येतो, आणि चालत प्या. हाच तुमचा विसावा. चुकामूक झाली तर टेबलापुढे वीस पावलांवर डाव्या कडेला थांबायचं, हे आधी ठरलेलं असू दे. पुलांचे चढ येतील. तिथे पावलं लहान करा, वेग पडू द्या. तुझ्या घड्याळात २१ पूर्ण होतील आणि अंतिम रेषा अजून दोन-तीनशे मीटर लांब असेल. वळणं बाहेरून घेतल्यामुळे होतं तसं, आयोजकांना शिव्या देऊ नकोस.

उन्हात अंगावर शहारे आले, घेरी आली, किंवा मैत्रीण विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागली, तर तिथेच थांबायचं, सावलीत बसवायचं, डोक्यावर पाणी ओतायचं आणि स्वयंसेवकाला बोलवायचं. गप्पांचा हाही एक उपयोग. पायात एका बोटाने दाखवता येईल अशी ठणकती कळ असेल तरी थांबा. पसरट दुखणं चालतं.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, तासाभरात जेवा. सोमवारी परतताना गाडी तुम्ही चालवू नका, घाटात क्लचवर पोटरी वळली तर अवघड होईल. कदंबाची बस बरी. मधल्या वाटेलगतची जागा घ्या, पाय पसरता येतात. मंगळवारी जास्त दुखेल आणि जिना उलटा उतरावा लागेल. आठवडाभर नुसतं चालणं.

हे सगळं सुरू करायच्या आधी एक काम. दोघींनी हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईमाणसाचं १२ च्या खाली असेल तर कितीही पळालं तरी दम लागतो, आणि आपण उगाच स्वतःला आळशी म्हणत राहतो. कमी निघालं तर आधी डॉक्टरांकडे, मग रस्त्यावर. गौरी गेल्या की लगेच रक्त तपासायला देऊन ये आणि आकडा कळव, त्यावरून येत्या रविवारचे आठ किलोमीटर करायचे की पाच, ते ठरवू.