लोगो आधी की जाहिरात?

प्रश्न : ताई, चार वर्षं मी घरी कांदा-लसूण चटणी करून विकते. महिन्याला 60 किलो जाते, सगळी ओळखीतून. पुण्याच्या जाऊबाई आणि त्यांची भिशी दुसरीकडची घेतच नाहीत. आता एक डिझायनर ब्रँडिंगसाठी, म्हणजे लोगो आणि पाकिटासाठी, 25 हजार मागतोय. पुतण्या म्हणतो, तेवढे पैसे मार्केटिंगला, मोबाइलवरच्या जाहिरातींना घाल. दोन्हींत फरक काय? आधी काय करू?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : पुण्याची भिशी दुसरीकडची चटणी घेत नाही, हाच तुमचा ब्रँड. लोगो नसताना तयार झालाय. ज्यांनी तुमची चटणी अजून चाखलीच नाही त्यांच्यापर्यंत ती नेणं, हे मार्केटिंग.

हा फरक मला मिरजेत दुकान चालवताना कळला. एका वर्षी दिवाळीआधी पेपरात जाहिरात दिली आणि आठवड्यात साठा संपला. ब्याडगी हाताशी नव्हती, म्हणून न पारखता मिळेल ती मिरची उचलली. रंग फिका पडला, तिखट नुसतं घशाला लागायला लागलं. बायका पाकिटं परत घेऊन आल्या. एका आजींनी तर पैसेही मागितले नाहीत. म्हणाल्या, ''ही तुझी चटणी नव्हे.'' जाहिरातीनं तिचं काम चोख केलं होतं. चुकले मी. त्या आजी पुन्हा दुकानात आल्या नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या शेजारचंच किर्लोस्करवाडीचं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नांगर शेतात टिकला, तेव्हा विश्वास बसला. 'किर्लोस्कर खबर' मासिक निघालं ते 1920 मध्ये. कारखान्याची आणि मालाची माहिती गावोगाव न्यायला. तोवर नांगराचं नाव झालं होतं.

म्हणून 25 हजार आत्ता दोघांनाही देऊ नका. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं, तीळ, लसूण किती, सगळं वजनानं वहीत लिहा. अंदाजानं 60 किलो होतात, 300 होत नाहीत. प्रत्येक घाण्यातली वाटीभर चटणी तारीख लिहून बरणीत ठेवा आणि नवी चटणी तिच्याशी ताडून बघा.

मग ट्रेडमार्क, म्हणजे तुमच्या चटणीच्या नावाची सरकारी नोंदणी. त्यात मालाचे वर्ग असतात, मसाले 30व्या वर्गात येतात. वैयक्तिक नावानं ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. पाकीट छापण्याआधी अर्ज करा. छापल्यावर नाव बदलावं लागलं तर सगळी पाकिटं वाया जातात. लेबल साधं चालेल, फक्त अक्षरं आजीला चष्म्याविना वाचता यावीत.

पुतण्याचा उत्साह वाया घालवू नका. पण त्याला फेब्रुवारीपर्यंत थांबवा, कारण वर्षाची चटणी लोक उन्हाळ्यात करतात. तोवर भिशीतल्या प्रत्येकीला 50 ग्रॅमच्या दोन पुड्या द्या, शेजारणींना वाटायला. पंधरा दिवसांनी त्या शेजारणींना स्वतः फोन करा. काय म्हणाल्या ते त्याच वहीत लिहा, तक्रार असेल तर आधी.

आणि चटणीचं नाव काय ठेवलंय, ते पत्रात राहिलंच. कळवा.