वचन स्पष्ट असले तरी न्यायाची जाण लागतेच

आपला प्रश्न असा आहे की, कुराणातील आज्ञा स्पष्ट असताना धर्मशास्त्रज्ञाने तिचा अर्थ लावताना स्वतःची नैतिक जाण वापरणे म्हणजे ईश्वरी वचनावर आपली मर्जी लादणे नव्हे काय. माझ्या मते ती जाण बाहेरून आणावी लागत नाही. वचन लागू करायला बसले की ती आधीच कामाला लागलेली असते.

मदिनेचे धर्मशास्त्रज्ञ इमाम मालिक यांच्या 'मुअत्ता' या हदीस व कायद्याच्या ग्रंथातील एक खटला पाहा. हातिब यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतील एका माणसाची सांडणी चोरून कापली. चोराचा हात तोडावा, असे कुराणाच्या पाचव्या सूरेची (अध्यायाची) ३८वी आयत (वचन) सांगते आणि खलिफा उमर यांनी तसा हुकूमही दिला. मग मात्र ते गुलामांच्या मालकाकडे वळले, 'तुम्ही यांना उपाशी ठेवता, असे मला दिसते' असे म्हणाले आणि भुर्दंड त्यालाच भरायला लावला. सांडणी ४०० दिरहमांनाही दिली नसती, असे तिच्या धन्याने सांगताच उमर यांनी ८०० देण्यास फर्मावले. गुलामांचे हात वाचले, असाच या कथेचा रूढ अर्थ आहे. आयतीचा एक शब्दही बदलला नाही. मात्र भुकेल्याने केलेल्या चोरीची जबाबदारी कोणाची, हे ती आयत सांगत नव्हती आणि तिथे उमर यांना न्याय-अन्याय ओळखूनच निवाडा करावा लागला.

बरे-वाईट बुद्धीला स्वतंत्रपणे कळते, असे मुअतझिली या इस्लामी विचारपंथाचे लोक म्हणत. ते ईश्वरी आज्ञेनेच ठरते, असे त्यांच्या विरोधातला अशअरी पंथ म्हणे. (या वादात शतके गेली.) तरीही अशअरी परंपरेतल्याच गझाली या धर्मचिंतकांनी धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचे रक्षण हे शरियतचे हेतू मानले. हेतू वचनांतूनच काढले, असे म्हटले तरी दोन हेतू एकमेकांना छेदतात तेव्हा कोणता वरचढ, हे पुन्हा माणसालाच ठरवावे लागते. शिवाय 'अल्लाह न्यायाची आज्ञा देतो' हे सोळाव्या सूरेतील वचन, न्याय म्हणजे काय याची काहीच कल्पना नसलेल्याला कसे कळावे?

मर्जीची आपली भीती मात्र अनाठायी नाही. हाच खटला नोंदवून मालिक पुढे लिहितात की, दुप्पट किंमत घेण्याचा आमच्याकडे प्रघात नाही. जनावर नेले त्या दिवशीची किंमत तेवढी भरावी लागते. म्हणजे खुद्द उमर यांचा निवाडाही मदिनेच्या सामायिक व्यवहाराशी ताडून पाहिला गेला आणि त्यातला एक भाग बाजूला ठेवला गेला.